आम्ही की आपण

रॉटरडॅम,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय नागसेन,

जय भीम!

माझं पत्र पाहून दचकला असशील. कॉलेज सुटल्यावर सुरुवातीला आपण बोलत तरी होतो, मग मी इकडे आलो आणि सगळं राहूनच गेलं. राग धरू नकोस, इथे माणूस आपल्याच कामाखाली गाडला जातो.

आधी बातमी सांगतो. इथल्या एका मोठ्या संग्रहालयाने मला अख्खी खोली दिली आहे. विषय आहे 'पाणी कोणाचं'. जगभरातून बोलावलेले कलाकार आहेत, सगळे काळे, सावळे, ज्यांना यांनी आजवर उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं असे. माझ्या खोलीत संपूर्ण अंधार, मधोमध काळ्या काचेची विहीर, आणि तिच्यातून एका म्हातारीचा आवाज येतो. माणसं कठड्यावर वाकून ऐकतात. परवा काही निवडक लोकांना दाखवलं तर एक बाई डोळे पुसत बाहेर आली. मार्चच्या मध्याला उद्घाटन आहे.

आता तुझ्याकडे काम. खोलीबाहेर भिंतीवर दहा ओळींचा मजकूर आहे, इंग्रजीत आणि डच भाषेत. संग्रहालयाची फार इच्छा आहे की तो कलाकाराच्या मातृभाषेतही असावा. मी लिहायला बसलो आणि माझं मराठी पार गंजलंय हे कळलं. कॉलेजात माझे निबंध तूच लिहायचास, तेव्हा हेही तूच कर. मजकूर सोबत जोडला आहे. तुझं नाव खाली बारीक अक्षरात येईल.

तुझ्या आईला, मंदाकाकूंना, नमस्कार. त्यांच्या हातच्या जवळ्याची चव इथे कुठे मिळणार!

तुझा,
भाविक


कामतघर, भिवंडी,
९ फेब्रुवारी

प्रिय भाविक,

तुझ्या पत्राच्या पहिल्याच ओळीला मला ठेच लागली. कॉलेजची पाच वर्षं तू मला 'काय रे नाग्या' म्हणत आलास. मी कधी जय भीम घातला तर तू 'हां हां, चल' करून पुढे व्हायचास. आता थेट रॉटरडॅमहून जय भीम आला, तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, 'एवढा मोठा नमस्कार घातलान, म्हंजे मागनं बी मोठंच हाय.'

माझं म्हणशील तर शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी दुकानांच्या पाट्या रंगवतो. स्वतःचं चित्र काढून किती दिवस झाले ते विचारू नकोस. शेजारचे कापडाचे लूम दिवसभर खडखडत असतात, त्यामुळे घरात सगळेच ओरडून बोलतात. नवा माणूस आला तर त्याला वाटतं भांडण चाललंय.

तुझ्या दहा ओळी घेऊन बसलो आणि पहिल्याच ओळीवर अडलो. 'वुई वेअर नॉट अलाउड टु टच द वॉटर.' आम्हाला पाण्याला शिवायची परवानगी नव्हती. की आपल्याला नव्हती? तुझा हा 'वुई' कोण आहे रे? तू मराठी विसरलास म्हणून सांगतो. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटलं की ऐकणारा उपाशी राहतो. 'आपण जेवायला चाललो' म्हटलं की त्याचंही ताट मांडलं जातं. इंग्रजीत दोन्हींचं काम एकाच शब्दावर भागतं, तसं तुझंही भागलं. मला मात्र एकावर बोट ठेवायला लागणार.

विहीर आपल्या गावची म्हणतोस ना? पडघ्याच्या पुढची, जिच्यावर आता गोडाऊन उभं आहे ती? मग 'आम्हाला' हे तुझ्या तोंडी बसत नाही, कारण ती तुझ्याच आज्याची होती. 'आपल्याला' म्हटलंस तर तू आणि मी एका ओळीत घागर घेऊन उभे होतो असं होतं. तुझ्या घरचे पाणी शेंदायचे, माझ्या घरचे लांब मडकी ठेवून कोणीतरी ओतेल म्हणून वाट बघायचे. दोन्ही शब्द लिहून बघितले, दोन्ही खोटे पडतात.

तेव्हा आधी तू सांग, मग मी लिहीन. आणि एक राहिलं. त्या विहिरीत बोलणारी म्हातारी कोण?

नागसेन


रॉटरडॅम,
१४ फेब्रुवारी

प्रिय नागसेन,

दहा ओळी मागितल्या तर तू माझीच उलटतपासणी घेतलीस. मास्तर झालास खरा.

तुला एक गोष्ट सांगतो. मागे त्या निवडक लोकांच्या वेळी मी माझ्याच खोलीच्या दाराशी, भिंतीवरच्या माझ्याच नावाखाली उभा होतो. चांगले कपडे घातले होते. एका गृहस्थाने रिकामा पेला माझ्या हातात दिला आणि कचऱ्याची पेटी कुठे आहे म्हणून विचारलं. मी पेला घेतला. घेतला, नागसेन! नंतर त्याला कळलं तेव्हा तो इतकी माफी मागत होता की मलाच त्याची समजूत घालायला लागली. इथे घर शोधत होतो तेव्हा फोनवर मिळालेली खोली माझा चेहरा बघितल्यावर 'कालच गेली' व्हायची. तेव्हा मला कोणी विचारलं नाही की तू पाटलाचा की कोणाचा. इथे माझी कातडी हीच माझी जात आहे, आणि ती मला कुठेही काढून ठेवता येत नाही.

भिवंडीत बसून तुला हे कळणार नाही. तिथे तू आणि मी वेगळे असू. इथल्या माणसाला दोघंही सारखेच दिसतो, आणि तो दोघांनाही सारखाच दाराबाहेर ठेवतो. म्हणून 'आपण' लिही. बिनधास्त लिही.

म्हातारीचं काय घेऊन बसलास? गावाकडचा एक जुना आवाज आहे, माझ्या संग्रहातला. कोणाचा हे महत्त्वाचं नाही. खोलीत गेल्यावर तो सगळ्यांचा होतो.

मजकूर लवकर पाठव, छापायला द्यायचा आहे.

भाविक


कामतघर,
२ मार्च

भाविक,

मजकूर पाठवला नाही, कारण तुझ्या त्या पेल्याची गोष्ट वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं. खोटं नाही. दोन दिवस मी 'आपण' लिहून ठेवलं होतं. मग म्हटलं, ज्या खोलीसाठी लिहितोय ती बघू तरी, आणि तुझं नाव टाकून शोधलं. संग्रहालयाने तुझ्या मुलाखतीचा एक तुकडा टाकला आहे.

मी तो घरातच लावला. लूमच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून फोन मोठ्याने केला. आई मोरीजवळ मासळी साफ करत होती. तुझं इंग्रजी चाललं होतं तोवर तिचं लक्ष नव्हतं. मग तो आवाज आला. 'भर दुपारची कोनी न्हाय बगून मी आपलीच बादली सोडली. पोटभर प्याले. लय गोड लागला रं पानी. चोरीचा ना, म्हून जादा गोड.' आणि मग ते हसणं.

आईने काय केलं माहीत आहे? तिने मासळीच्या ओल्या हाताने डोक्यावर पदर घेतला. नऊ वर्षं झाली आजीला जाऊन, आणि माझी आई फोनमधल्या सासूसाठी पदर घेते. मग म्हणाली, 'अरं, ह्या तं सासूबाई! ह्या तिकडं कशा गेल्या?'

तुकड्याच्या शेवटी तू म्हणतोस, 'धिस इज माय ग्रँडमदर.' तुझ्या आजीचं नाव धोंडूबाई. मी तिला चांगली ओळखतो. तुझ्याकडे आलो की ती ओटीवरून माझ्या ओंजळीत वरून पाणी घालायची, आणि तू मान वळवून दुसरीकडे बघायचास. जिचा आवाज तू त्या विहिरीत सोडलास तिचं नाव मैना. मैना रावजी जाधव. ती माझी आजी.

आठवतं तुला? शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी तू रेकॉर्डर घेऊन इथे आलास. मीच तिला बोलतं केलं, कारण ती परक्यापुढे तोंड उघडायची नाही. मी प्रत मागितली, तू देतो म्हणालास. ती गेली तेव्हा पुन्हा मागितली. तू म्हणालास, सापडत नाही रे, गेली बहुतेक. आमच्याकडे तिचा एकही आवाज नाही. फोटो आहे एक, तो आधार कार्डावरचा.

मला दोन गोष्टी हव्यात. भिंतीवर तिचं नाव, आणि ते रेकॉर्डिंग अख्खं.

नागसेन


रॉटरडॅम,
८ मार्च

नागसेन,

इतका खाली उतरशील असं वाटलं नव्हतं.

काल संग्रहालयात मला बोलावून घेतलं. अनेलिस म्हणून इथली क्युरेटर आहे, म्हणजे प्रदर्शनाची सगळी जुळवाजुळव करणारी बाई. तिच्याकडे भारतातून मेल आली आहे की मी माझ्या समाजाबद्दल खोटं सांगतो. माझ्या घराचे फोटो आहेत त्यात. विहिरीवरच्या गोडाऊनचे आहेत. ती गोड आवाजात म्हणाली, आम्हाला तुझ्यावर अविश्वास दाखवायचा नाही, फक्त तू नक्की कोण आहेस ते समजून घ्यायचं आहे. एका गोऱ्या बाईसमोर बसून मी नक्की कोण हे सांगत होतो! बाजूला दोघं वहीत टिपून घेत होते.

माझं घर बघितलेलं, गोडाऊन माहीत असलेलं आणि माझ्यावर खार खाऊन असलेलं माणूस कोण, हे ओळखायला डिटेक्टिव्ह लागत नाही. दोन मागण्या केल्यास आणि उत्तराची वाटही न बघता तिसरा घाव घातलास.

तरी तुझ्या समाधानासाठी सांगतो. मी तुझ्या आजीला कायम 'आपली आजी' म्हणायचो, तिच्या तोंडावर म्हणायचो. आता 'आपली आजी'चं इंग्रजी तूच करून दाखव. 'अवर' म्हटलं तर हे विचारतात, अवर म्हणजे अजून कोणाची? शेवटी त्यांच्याकडून 'माय' झालं आणि मीही तेच म्हणत गेलो. आणि मी दलित आहे असं मी कुठेही, एका ओळीतही लिहिलेलं नाही. त्यांनी धरून चाललं. मी फक्त नाही म्हणालो नाही.

उद्घाटनाला आठवडा राहिला आहे. खोली गेली तर मी इथे संपलो. व्हिसा या प्रदर्शनावर आहे. आनंद झाला का?

भाविक


कामतघर,
१३ मार्च

भाविक,

मेल मी केली नाही. ज्याने केली तो स्वतः इथे येऊन सांगून गेला. आता नीट बसून वाच.

परवा संध्याकाळी आमच्या चाळीच्या तोंडाशी मोठी पांढरी गाडी थांबली आणि तुझे वडील उतरले. सतरा वर्षांच्या आपल्या मैत्रीत रामनाथकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले. आईने खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले.

'नागसेन सर, तुमी आमचे पोऱ्याला काय पढवलाव?' एकदम आवाज चढवूनच सुरुवात.

मी म्हटलं, 'काका, काय झालं?'

'काय झाला म्हंजे? करिष्मानं मना व्हिडिओ दाखवला, त्याचा आर्थ सांगला. आपले लोकांना इहिरीला हात लावाची बंदी होती, आसा सांगतो तो जगाला! आरं, इहीर आमची होती! बंदी घालनारं आमी, आमच्यावर कोन घालील बंदी?'

एवढं बोलले आणि थांबले. आपण कोणाच्या घरात उभे आहोत हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं. आई गॅसजवळून म्हणाली, 'च्या घेता ना?' ते म्हणाले, 'न्हाय न्हाय, आताच घेतलाय.' मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, 'तसा न्हाय हो वैनी. पन घराण्याचं नाव हाय. उद्या करिष्माचा लगीन करायचा हाय. लोकं इचारतील ना, तुमी नक्की कोन?'

तेव्हा ऐक. तुझ्या बहिणीला, करिष्माला बसवून, इंग्रजीत लिहून घेऊन, घराचे आणि गोडाऊनचे फोटो जोडून ती मेल तुझ्या बापाने पाठवली. मुलगा खोटं बोलतो याचं त्यांना काही नाही, तो खालचा ठरतो याची लाज वाटली. आणि तुला हे खूळ माझ्या संगतीने लागलं अशी त्यांची खात्री आहे. मला सांगून गेले, 'पोऱ्याला आता परत तुमच्यात वढू नका.' तू तिकडून मला चोर ठरवलंस, ते इकडून. एकाच घरचे शोभता.

आता दुसरं. तुझ्या अनेलिसबाईंनी मलाही लिहिलं आहे. नाव तूच दिलंस ना चौकशीत? त्यांना वाटतं ही खोली माझ्या नावाने व्हावी. मी तिकडे यावं, माझी एक छोटी फिल्मही करू म्हणतात, शक्यतो लूमसमोर उभं राहून. मी आयुष्यात लूमला हात लावलेला नाही. आणि शेवटी अगदी संकोचून विचारलं आहे की माझ्या समाजाचा काही कागद मिळेल का. मी उलट विचारलं की तुमच्याकडच्या गोऱ्या चित्रकारांकडून कुठला दाखला घेता?

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. वर्गात पोरांना आंबा काढायला लावून मी दोन तास खिडकीशी उभा होतो. तुझ्यापेक्षा माझा हात चांगला होता, हे तुलाही माहीत आहे आणि कॉलेजातल्या सरांनाही माहीत होतं. पण आजीच्या पाठीवर पाय देऊन ती खोली घ्यायची, तर तुझ्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला? नाही म्हणून कळवलं.

माझ्या दोन मागण्या तशाच आहेत. नाव आणि रेकॉर्डिंग.

नागसेन


रॉटरडॅम,
२१ मार्च

प्रिय नाग्या,

आधी माफी. तुझ्यावर घेतलेला संशय चुकीचा होता. बाबांचं काय सांगू, ते तसेच. करिष्माने रडत रडत फोन केला होता.

पण झालं ते चांगलंच झालं म्हणायचं. बाबांची मेल, माझं उत्तर, तुझा नकार, हे सगळं अनेलिसने वरच्या लोकांपुढे मांडलं आणि त्यांचं म्हणणं पडलं की हा वाद हाच खरा विषय आहे. खोली राहिली! भिंतीवर आता पहिलंच नाव तुझ्या आजीचं आहे, मैना रावजी जाधव, मोठ्या अक्षरात. त्याच्याखाली माझं. मी आता 'ऐकणारा' आहे. जमीनवाल्या घरातला मुलगा, ज्याने ऐकलं. खरं सांगू, हे आधीच्यापेक्षा जास्त उठून दिसतंय. उद्घाटन जोरात झालं. दोन ठिकाणी छापून आलं. पुढच्या वर्षी हीच खोली आणखी एका देशात न्यायची म्हणतात.

फक्त एक अडचण आहे. आवाज वापरायला वारसांची परवानगी लागते. ती नाही आली तर महिन्याअखेर खोली बंद करावी लागेल असं त्यांच्या वकिलाने सांगितलं आहे. तू मंदाकाकूंशी बोल. त्यांची आणि तुझी दोन ओळींची संमती पुरे. तुझ्या दोन्ही मागण्या मी पुऱ्या केल्या, तू एवढं करशील ना?

रेकॉर्डिंग सोबत पाठवलं आहे, अख्खं, एक सेकंदही न कापलेलं. आम्ही खोलीत पहिला अर्धाच भाग वापरतो. तू मात्र शेवटचा नक्की ऐक. तू मध्येच दूध आणायला खाली गेला होतास, तेव्हाचा आहे. तू गेल्यावर आजीने मला विचारलं, कोणाचा तू? मी सांगितलं, आणि त्यानंतर ती माझ्याशी इतक्या मायेने बोलली की काय सांगू! पोरगेल्या मला 'तुमी तुमी' करायला लागली, वेडी. आमच्या आजोबांना देवमाणूस म्हणाली. तिच्या मनात काही कडूपणा नव्हता रे. ते ऐकलं की मला अजून भरून येतं. म्हणून तर तिला आपली म्हणतो.

तुझाच,
भाविक


कामतघर,
३० मार्च

भाविक,

रेकॉर्डिंग मिळालं. पहिला भाग आम्ही दोघांनी तीनदा ऐकला. आई हसली, रडली, परत लाव म्हणाली. पहिल्या भागात आजी तुला 'आरं पोऱ्या' म्हणते, 'ती मशीन ठेव बाजूला आन् आदी खा' म्हणून दटावते. तिला वाटत होतं की माझ्याबरोबर आलेला मुलगा म्हणजे आमच्यातलाच कोणीतरी.

मग मी पिशवी घेऊन जिना उतरतो ते ऐकू येतं. ती विचारते, 'आनि तू रं कोनाचा?' तू हसत हसत सांगतोस, 'मी रामनाथ पाटलांचा. ती विहीर आमचीच होती, आजी.'

त्यानंतर नुसते लूम. मग एक आवाज येतो, कर्र असा. तुला तो कळला नसेल. आमच्या खाटेचा आहे तो, मी त्या खाटेवर वाढलो. तिच्यावरून कोणी उठलं की ती तशी वाजते. आणि पुढचं वाक्य खालून येतं. आवाज तोच, पण लांबचा, जमिनीजवळचा. बहात्तर वर्षांची माझी आजी, तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या स्वतःच्या खाटेवरून खाली उतरली आणि फरशीवर बसली. तू वर खुर्चीत होतास.

मग ती माया, जिने तुला भरून येतं. 'तुमी मनावं घेऊ नका. म्हातारीच्या डोस्क्यात काय ऱ्हात न्हाय. मी कुटं प्याले पानी, दुसरीच कोनीतरी आसंल. तुमचे आजानी आमाला कदी तरास दिला न्हाय, देवमानूस व्हता.' आणि मग जरा थांबून, 'आमचा नागसेन तुमच्याच वळखीनं ऱ्हातो. त्याच्यावं राग धरू नका.'

माझ्या आजीने आयुष्यात एकच पराक्रम केला होता, ते चोरून प्यायलेलं पाणी. मी लहान असताना तिने मला तो कितीदा तरी सांगितला. तुझं नाव ऐकल्यावर तोही तिने सोडून दिला, माझ्या पायी. मी दूध घेऊन वर आलो तेव्हा ती फरशीवर बसली होती, मला आठवतंय. मी म्हटलं, आजी, खाली का बसलीस? ती म्हणाली, गरम होतंय रे, फरशी गार आहे. मी तुझ्यासमोर बसून चहा प्यायलो.

ती घाबरली होती, भाविक. तू ती भीती बारा वर्षं माया म्हणून जपून ठेवलीस. तू खोटं बोलत असतास तर मला सोपं गेलं असतं. तुला खरंच कळलं नाही, हे मला जास्त जड जातंय.

आईने पुढचं ऐकलं नाही, ती उठून गेली. मी शेवटपर्यंत ऐकलं. तुझा आवाज येतो, 'आजी, पंखा जरा इकडे करा ना.' तिची काकणं वाजतात, ती उठते, आणि टेबलफॅन तुझ्याकडे होतो. त्यानंतर तुझ्या मशीनमध्ये नुसता वारा भरलाय. सहा-सात मिनिटं. ती त्यात काहीतरी बोलतेय, एवढंच कळतं.

संमतीपत्र तुझ्या अनेलिसबाईंना आज मी आणि आईने सही करून पाठवलं. त्यांना लिहिलंय, खोली बंद करू नका. मात्र आवाज अख्खा लावायचा, एक सेकंदही न कापता. भिंतीवर लिहायचं की ती खाली बसते तिथपर्यंतचं सगळं तिच्या नावाचं, तिथपासून पुढचं तुझ्या नावाचं, आणि शेवटी तो वारासुद्धा पूर्ण वाजू द्यायचा.

नागसेन